जुन्या चपला घालून या

परवा नव्या डॉक्टरांनी तपासणीच्या खोलीची आवराआवर काढली. मोडकं स्टूल, गंजलेला वजनकाटा, कुणाची तरी विसरलेली कुबडी, असं एकेक बाहेर पडत गेलं आणि शेवटी कपाटामागून एक लाकडी पेटी निघाली. आत सागवानाचे चपटे ठोकळे होते. लांबी-रुंदी सगळ्यांची सारखी, जाडी मात्र वेगवेगळी, पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत. नवे डॉक्टर तरुण आहेत, स्वभावाने चांगले आहेत. हसून म्हणाले, "अंगणवाडीचं सामान इकडे कसं आलं?" मी म्हणाले, "शेख सरांचे ठोकळे आहेत ते." त्यांना शेख सर माहीत नव्हते. पेटी भंगारात गेली आणि संध्याकाळी मी ती भंगारातून उचलून घरी आणली. आता ती पलंगाखाली आहे आणि सासूबाई रोज विचारतात, ह्याचं करणार काय.

आमचा दवाखाना बीड जिल्ह्यातला आहे, सरकारी आहे, एवढं पुरे. नाव सांगून कुणाला दोष द्यायचा नाही. द्यायचाच झाला तर त्यातला बराचसा माझ्याकडे येतो, ते पुढे कळेलच.

मी इथे कंत्राटी ऑपरेटर. दिव्यांग प्रमाणपत्राची खिडकी माझी. लोक अजून 'अपंगाचं सर्टिफिकेट' असंच म्हणतात. अर्ज भरून घ्यायचा, कागद चढवायचे, तपासणीची तारीख द्यायची, आणि बुधवारी बोर्ड बसलं, म्हणजे तीन डॉक्टर एकत्र बसले, की त्यांनी लिहिलेले टक्के संगणकात टाकायचे. चाळीस किंवा वर टक्के आले तर माणसाला दर महिन्याची पेन्शन लागू शकते. तिला सगळे 'पगार' म्हणतात. चाळीसच्या खाली आले तर हातात नुसता कागद. त्यामुळे माझ्या खिडकीवर लोक नमस्काराच्या आधी विचारतात, "मॅडम, किती बसले?"

शेख सर हाडांचे डॉक्टर. आसपासच्या तालुक्यांना मिळून तेवढे एकच. आणि ते भयंकर हळू होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांचं कौतुक येणार आहे आणि ते वाचून कुणाला वाटायला नको की मी त्यांच्यावर सदा खूश असायचे. सात वर्षांत मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी नवऱ्यावरही चिडले नसेन. दुसरीकडे म्हणे जेवणाच्या सुट्टीआधी यादी उरकते. आमच्याकडे संध्याकाळी वॉचमन कुलूप घेऊन दारात उभा राहायचा आणि निम्मी यादी शिल्लक असायची. त्या निम्म्यांना पुढची तारीख देणार मी. शिव्या खाणार मी. सर आत ठोकळे मांडत बसलेले.

उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा, त्यामुळे खिसा कायम पांढरा. खुर्चीवर ते क्वचितच बसायचे. मोरीत कपडे धुवायला बायका घेतात तसलं एक बुटकं प्लास्टिकचं स्टूल त्यांनी स्वतः बाजारातून आणलं होतं. त्यावर बसलं की समोरच्या माणसाचे पाय बरोबर नजरेसमोर येतात, असं त्यांचं म्हणणं. पाय हातात घेऊन ते घोटा फिरवून बघायचे, तळव्यावरचे घट्टे चाचपायचे, आणि म्हाताऱ्या बायका अवघडून अर्ध्या व्हायच्या.

"डॉक्टरसाब, पाय नका धरू. पाप लागतंय आमाला."

"काकू, माझ्या बापानं आयुष्यभर चाकं धरली, मी पाय धरतो. आमच्या घरचा धंदाच आहे तो."

हे खरं होतं. दवाखान्याच्या फाटकासमोर त्यांच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं आणि अजून आहे. आता तिथे धाकटा भाऊ युसुफभाई बसतो आणि सायकलींपेक्षा मोटारसायकली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे टायर जास्त येतात. सरांना लोक 'सायकलवाले डॉक्टर' म्हणायचे. त्यांना ते आवडायचं, असा माझा अंदाज. सरकारी क्वार्टर असूनही दुपारचा डबा ते त्या दुकानात बसून खायचे, टायरच्या वासात.

त्यांची तपासणी खोलीत सुरू होत नसे. सकाळी हातात चहाचा कप घेऊन ते खिडकीशी उभे राहायचे आणि फाटकातून आत येणारी माणसं बघायचे. "अनिता, तो निळ्या बंडीवाला बघ. जीपमधून उतरताना आधी उजवा पाय काढला, मग दांड्याला धरून थांबला. त्याला तिसऱ्या नंबरला घे." मी यादीकडे बघायची. निळ्या बंडीवाला सतरावा असायचा. त्यावरून आमचं भांडण व्हायचं आणि मी हरायची.

आत आलेल्या माणसाला त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "चपला कुठं आहेत?"

माणूस गांगरायचा. चपला बाहेर काढलेल्या असायच्या, साहेबाच्या खोलीत चपला घालून कोण येतं? सर म्हणायचे, घेऊन या. आणलेली चप्पल ते उलटी करून उजेडात धरायचे. टाच कुठे झिजली, अंगठ्याखाली भोक पडलंय का, डावी आणि उजवी सारखी आहेत का. त्यांचं पक्कं मत होतं की माणूस तोंडाने काहीही सांगेल, पण दोन वर्षं वापरलेली चप्पल एकच गोष्ट सांगते.

अडचण अशी की बहुतेकांच्या चपला नव्या असायच्या. आमच्याकडची माणसं सरकारी दवाखान्यात, तेही बोर्डासमोर जायचं म्हणजे चांगली तयार होऊन येतात. दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात, आदल्या दिवशी बाजारातून नवी चप्पल घेतात. मळक्या अवतारात गेलो तर डॉक्टर खोलीत घेणार नाहीत, अशी भीती. त्या नव्या कोऱ्या तळव्याकडे बघून सरांचा चेहरा पडायचा. मग ते मला म्हणायचे, "ह्यांना पुढची तारीख दे. आणि सांग, जुन्या चपला घालून या." माझ्या खिडकीवर मी तशी पाटीच लावली होती, लाल अक्षरात. लोक ती वाचायचे, हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा नवीनच घालून यायचे.

ऊसतोड करणाऱ्यांचं तर आणखी अवघड. शिरूर कासारकडून येणाऱ्यांत तेच जास्त. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. मुकादम जोडी धडधाकट आहे का बघतो, मग हंगामाची आगाऊ उचल देतो, आणि दसरा झाला की ट्रॅक्टर निघतात. लंगडणाऱ्याला मुकादम घेत नाही. त्यामुळे ही माणसं वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकलेली असतात, ती म्हणजे दुखणं दाखवायचं नाही. मुकादमासमोर सरळ चालायचं, विचारलं तर "काय न्हाई" म्हणायचं. आणि तीच माणसं आमच्या बोर्डासमोर येऊन डॉक्टरांनाही तेच सांगायची. "काय न्हाई साहेब, चांगलं हाय." इतक्या वर्षांची सवय एका बुधवारात कशी मोडणार? दुसरे डॉक्टर 'चांगलं हाय' ऐकून वीस टक्के लिहून मोकळे होत. शेख सर स्टूल पुढे ओढायचे.

उलट प्रकारही यायचे. परळीचा एक गडी विव्हळतच खोलीत आला होता, पाय फरफटत. सरांनी त्याच्या चपला बघितल्या. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या, एका रेषेत. सरांनी चपला खाली ठेवल्या. म्हणाले, "शिपाई कुठं गेलाय कुणास ठाऊक. कँटीनमधून दोन चहा आणता का? भरून आणा, तो अर्धाच देतो." गडी लंगडत गेला. परत आला तो दोन्ही ग्लास काठोकाठ भरलेले, सगळं लक्ष चहा सांडू नये ह्यात, आणि पाय सरळ. दारात आल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो तिथेच थांबला. मला वाटलं आता सर हाकलतील. सरांनी एक ग्लास घेतला, दुसरा त्यालाच दिला आणि समोर बसवलं. "आता खरं काय ते सांगा." वीज केंद्राची राख वाहणाऱ्या ट्रकवर होता तो. दम लागतो म्हणून काम सुटलं होतं. सर म्हणाले, "मग पाय कशाला आणलास, छाती आणायची होतीस." आणि छातीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. ह्या सगळ्याला पाऊण तास गेला. बाहेर व्हरांडा गच्च भरलेला आणि माझ्या खिडकीवर एक म्हातारी मला विचारत होती, आत डॉक्टर मेला का काय.

त्यांचा आणखी एक प्रश्न होता, तो मी त्यांच्याकडून चोरला आणि अजून वापरते. कुठं दुखतं, असं ते फारसं विचारत नसत. विचारायचे, "तुमचं कुठलं काम आता घरात दुसरं कुणी करतं?" धारूरच्या डोंगरातला धोंडिबा नावाचा एक मेंढपाळ होता. खांदा आखडलेला, पण सगळ्याला 'येतंय की' म्हणणारा. हा प्रश्न विचारल्यावर तो दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून बसला. मी घड्याळाकडे बघत होते, सर त्याच्याकडे. शेवटी तो म्हणाला, "कोकरू खांद्यावर घ्यायचं. आता सून घेती." आणि डोळ्यांना फेट्याचा शेव लावला. सरांनी वहीत तेवढंच लिहिलं. वैद्यकीय भाषेत त्याला काय म्हणतात मला माहीत नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हा माणूस हळू आहे ते उगाच नाही. पुढच्या बुधवारी मी पुन्हा चिडले, तो भाग वेगळा.

आता अंकुशचं सांगते. त्यासाठीच लिहायला बसले.

अंकुश शिरूर कासार तालुक्यातला, चाळिशीच्या आतला. तीन हंगामांपूर्वी उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढताना घसरला आणि डावा खुबा मोडला. तिकडेच कुणीतरी बसवला, तो वाकडाच जुळला. पाय आखूड झाला. तो पहिल्यांदा आला गेल्याच्या गेल्या साली, भाद्रपदात. पांढरे कपडे, नवी चप्पल. पाठीमागे काठी लागलेली असते तसा ताठ चालत.

"कुठं दुखतं?"

"कुठंच न्हाई साहेब."

"मग आलात कावून?" सर त्याच्याच बोलीत म्हणाले.

"बायको म्हणली, जा."

"खाली बसता येतं?"

अंकुश बसला आणि उठला. उठताना कपाळावर घाम आला, पण चेहरा हलला नाही.

"मोळी घेऊन फळी चढता?"

"चढतो की. माझ्याएवढी मोळी टोळीत कुणी उचलीत न्हाई."

सरांनी त्याला उभं केलं, कमरेच्या दोन्ही बाजूंना खडूने खुणा केल्या आणि डाव्या पायाखाली ठोकळे सरकवायला लागले. अर्धा इंच. एक इंच. दीड इंचाला दोन्ही खुणा एका पातळीत आल्या. मी दारातून म्हणाले, "सर, लिहून टाका ना. दिसतंय की."

"दिसतंय तेवढं लिहिलं तर तीस येतात," सर म्हणाले. "खुब्याचं तो कळूच देत नाही. नवा एक्स-रे काढू दे. पुढच्या बुधवारी बायकोला घेऊन बोलाव. आणि चपला."

मी तारीख दिली. अंकुश खिडकीवर जरा वेळ थांबला. "मॅडम, दसऱ्याच्या आत हुईल ना? पगार लागली तर यंदा उचल घेत न्हाई मी. शेळ्या हायेत चार, त्या बघीन. लता हितंच रोजानं जाईल. न्हाई झालं तर मग जावंच लागंल." मी म्हणाले, होईल.

झालं असं की पुढच्या बुधवारी बोर्डातल्या दोन डॉक्टरांना प्रशिक्षणाला पाठवलं, त्यामुळे बोर्ड बसलं नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी सरकारी सुट्टी होती. अंकुश आणि लता दोन्ही वेळा आले होते, जुन्या चपला घालून. सुट्टीच्या दिवशी तर दोघं बंद खिडकीसमोर दुपारपर्यंत बसून होते, हे मला नंतर वॉचमनने सांगितलं. मग दसरा आला आणि ते गेले.

गुढीपाडव्याच्या सुमाराला परत आले. एव्हाना त्याचा जुना अर्ज हजर न राहिल्यामुळे आपोआप बंद झाला होता. नवा अर्ज केला. हंगामाहून सगळेच एकदम परततात, त्यामुळे रांग लांब. आषाढातली तारीख मिळाली. त्या दिवशी अंकुशच्या हातात काठी होती. डाव्या चपलेचा पुढचा भाग घासून पार गेला होता, टाच मात्र जवळजवळ नवी. म्हणजे टाच टेकतच नव्हती. ह्या वेळी तो काही म्हणायच्या आत लताच बोलली.

"डॉक्टरसाब, हे कुशीवर वळलं की वरडायचं. टोळीत कुणाला कळू नये म्हणून तोंडात गमजा धरून झोपायचं. आता तरी खरं लिवा."

सरांनी एक्स-रे खिडकीला धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. ह्या वेळी चाळीस सहज ओलांडले. दोघं गेल्यावर ते स्टुलावरून उठलेच नाहीत. म्हणाले, "मागच्या भादव्यात हा सांधा एवढा गेलेला नव्हता, अनिता. तू म्हणत होतीस लिहून टाका. लिहिलं असतं तर तीस आले असते, पगार लागली नसती, तरी तो गेलाच असता. बरोबर ना?" मी म्हणाले, बरोबर. "मीही स्वतःला तेच सांगतो," ते म्हणाले, "पण पटत नाही." मी पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

तो सरांचा शेवटचा बुधवार होता. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि त्यांनी मनाशी धरलं होतं की यादी शिल्लक ठेवून जायचं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भराभर माणसं घेतली. वॉचमनला बसायला खुर्ची दिली. संध्याकाळपर्यंत यादी संपली आणि मी त्या आनंदात एकामागून एक फायली संगणकात टाकत गेले. सात वर्षं ज्या वेगासाठी भांडले तो वेग अखेर मिळाला होता.

श्रावण संपता संपता अंकुशची फाइल परत आली. डॉक्टरांच्या कागदावर डावा पाय, संगणकात उजवा. तपासणाऱ्या डॉक्टरांनी पुन्हा खात्री करावी, असा शेरा. तपासणारे डॉक्टर निवृत्त झालेले, त्यांचं लॉगिन बंद, जागेवर नवीन कुणी आलेलं नाही. मी कागद पुन्हा पुन्हा बघितला. सरांच्या अक्षरात स्वच्छ 'डावा' लिहिलेलं होतं. उजवा माझ्या बोटांनी टाकला होता.

अंकुश दर बुधवारी यायचा. मी त्याला काय सांगितलं? सर्व्हर बंद आहे. पुढच्या वेळी सांगितलं, वरून यायचंय. सात वर्षं मी सरांना म्हणत होते की तुमच्यामुळे लोकांना ताटकळावं लागतं, आणि इथे माझ्यामुळे एक माणूस ताटकळत होता आणि मला त्याच्या तोंडावर ते सांगता येत नव्हतं. मला लाज वाटली. अजून वाटते. गणपती उठल्यानंतर माझ्या लक्षात आलं की अंकुश काठीशिवाय यायला लागलाय. मी विचारलं तर हळूच म्हणाला, "मुकादमाची माणसं बाजारात असत्यात मॅडम. कुणी बघितलं तर?" म्हणजे तोही आता माझ्या 'वरून यायचंय'वर विसंबून नव्हता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा न खाता बाहेर पडले. सर तेव्हा गावातच होते. क्वार्टर सोडलं होतं, सामान बांधलेलं होतं, चार दिवसांत पुण्याला मुलीकडे कायमचे जाणार होते, आणि दिवसभर युसुफभाईच्या दुकानात बसायचे. मला त्यांना सांगायचं होतं, काही उपाय निघतो का बघायचं होतं. खरं म्हणजे नुसतं सांगायचं होतं.

फाटकासमोर रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभा होता, मागे दोन ट्रॉल्या, बोचकी, भांडी, शेळ्या, माणसं. लांबच्या रस्त्याला लागण्याआधी ट्रॉल्या इथेच हवा भरून घेतात. युसुफभाई चाकाशी होता. आणि दुकानात, त्याच बुटक्या स्टुलावर, शेख सर बसले होते. त्यांच्या हातात नवी कोरी डावी चप्पल होती आणि ते तिच्या तळव्याला टायरचे तुकडे एकावर एक चिकटवून वरून बारीक खिळे ठोकत होते. शेजारच्या बाकावर अंकुश, एक पाय अनवाणी, काठी बाकाखाली सरकवलेली.

"युसुफ, वो घिसा हुवा नक्को, दूसरा टुकडा दे," सर म्हणाले. मग मला बघून, "बरी आलीस. जा, पेटीतला दीड इंची ठोकळा घेऊन ये."

मी पळत जाऊन ठोकळा आणला. सरांनी तो चपलेशेजारी ठेवून जाडी बघितली आणि आणखी एक पट्टी लावली. मी म्हणाले, "सर, अंकुशची फाइल माझ्यामुळे अडकलीय. मी डाव्याच्या जागी उजवा टाकला. तुमच्या शेवटच्या बुधवारी."

अंकुशने माझ्याकडे बघितलं. सरांच्या ओठांत दोन खिळे धरलेले होते. ते त्यांनी काढून हातात घेतले.

"त्या दिवशी घाई मीच केली होती," ते म्हणाले आणि पुन्हा हातोडी उचलली.

अंकुश म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. फुडच्या साली बघू." त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कार्ड दिवाळीनंतर आलं. नवे डॉक्टर रुजू झाले, कागद बघितला, डावा केला, सही केली. पाच मिनिटं लागली. ते कार्ड माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि पाडव्याची वाट बघतंय. पण शेख सर म्हटलं की मला त्यांचे सगळे बुधवार आठवत नाहीत, ती दुपार आठवते.

चप्पल तयार झाली. सरांनी स्वतः ती अंकुशच्या पायात सरकवली, त्याला उभं केलं आणि सवयीने खिशातला खडू चाचपला. खिशात खडू नव्हता. नुसत्या नजरेने त्यांनी कंबर बघितली. सरळ होती. अंकुशने काठी घ्यायला हात पुढे केला, तर सरांनी ती आधीच उचलली होती.

"काठीवर जाऊ नको. मुकादम बघतोय," ते म्हणाले. "ट्रॉलीपर्यंत वीस पावलं आहेत. सरळ चाल. चढताना हातावर जोर घे. काठी मी आणतो."

सात वर्षं हाच माणूस लोकांवर रागवायचा की काठी घरी ठेवून का आलात.

अंकुश चालत गेला. नव्या चपलेत, पांढऱ्या सदऱ्यात, अगदी सरळ. मुकादम ट्रॉलीशी फोनवर बोलत उभा होता, त्याने एकदा बघितलं आणि पुन्हा फोनमध्ये तोंड घातलं. लताने वरून हात दिला. मग सर निघाले. काठी टेकत, एकेक पाऊल सावकाश टाकत, जरासे डावीकडे झुकत. मुकादमाने फोन खाली घेतला.

"सलाम डॉक्टरसाब. काठी कावून? पायाला काय झालं?"

"वय झालं," सर म्हणाले.

ते ट्रॉलीच्या मागच्या बाजूला गेले, लताशी दोन शब्द बोलले, बोचक्यांवर हात ठेवून उभे राहिले. ट्रॅक्टर सुरू झाला. धुरात मला पुढचं नीट दिसलं नाही. धूर हटला तेव्हा सर रस्ता ओलांडून दुकानाकडे परत येत होते, नेहमीसारखे झपझप, आणि त्यांच्या हातात काठी नव्हती.